दुपारी साडेबाराचा उद्योगपती

स्वारगेटला उतरणाऱ्या माणसाला सहसा दोनच गोष्टी हव्या असतात: पुढची गाडी आणि मीटरने येणारी रिक्षा. हल्ली तिथे तिसरी गोष्ट हवी असलेला एक इसम वावरतो. त्याला अमेरिकेतल्या अनोळखी लोकांची शाबासकी हवी असते.

हा फाउंडर. राहायला स्वारगेटलाच, वय लग्नाचं, नोकरी हिंजवडीतली आणि सोडलेली. काय करतोस विचारलं तर ‘बिल्ड करतोय’ म्हणतो. ते ऐकून साताऱ्याच्या मामांनी एकदा वन बीएचकेचा भाव विचारला होता. कंपनीत हा एकटाच, पण वेबसाइटवर सगळीकडे ‘आम्ही’. मंडईच्या पुढचंच मेट्रो स्टेशन स्वारगेट आहे, आणि तेवढ्यात शेजारच्या प्रवाशाला आपली कंपनी समजावून सांगायची याचा तो रोज सराव करतो. २०२४च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो इथवर आली तेव्हा पुणेकरांची वाहतुकीतून सुटका झाली, पण याच्यातून नाही.

त्याचं प्रॉडक्ट तसं कामाचं आहे. बिलाचा फोटो काढायचा, की अ‍ॅप आकडे वाचून हिशेब लावतं. त्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मार्केट यार्डातले एक भुसार व्यापारी राहतात, सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं, “हाताने लिहिलेली मराठी पट्टी वाचतं का हो? हमाली, तोलाई, सगळं वेगळं काढून देईल?”

“रोडमॅपवर आहे,” फाउंडर म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या गाळत वर गेला. शेठ भाव विचारतील अशी त्याला भीती होती. भाव अजून ठरला नव्हता. लॉंचची तारीख मात्र ठरली होती.

लॉंच म्हणजे प्रॉडक्ट हंटवर. रायन हूवर नावाच्या गृहस्थाने २०१३मध्ये नव्या प्रॉडक्टांची एक ईमेल यादी सुरू केली, तिची साइट झाली आणि २०१६मध्ये ती एंजेललिस्टने विकत घेतली. रोज तिथे नवी प्रॉडक्टं मांडली जातात, लोक मतं देतात आणि दिवसाचे मानकरी ठरतात. मानकऱ्याला वेबसाइटवर लावायला एक बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यासाठी हा माणूस महिनाभर नीट जेवलेला नाही.

तिथला दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री, बारा वाजून एक मिनिटाला उजाडतो. तेव्हा स्वारगेटला उन्हाळ्यात दुपारचे १२.३१ झालेले असतात आणि हिवाळ्यात १.३१. म्हणजे जगाच्या बाजारात याचं दुकान उघडतं, नेमकं तेव्हाच खालचा दुकानदार एक ते चारसाठी शटर ओढायच्या तयारीत असतो, नाहीतर ओढून मोकळा झालेला असतो.

प्रॉडक्टची ओळख, म्हणजे टॅगलाइन, साठ अक्षरांत बसवावी लागते. पुण्यात जन्मलेल्याला हे जड जाऊ नये. इथे ‘गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’ एवढ्यात नियम, शिक्षा आणि मालकाचा स्वभाव तिन्ही सांगून होतं. याने मात्र आठ दिवस घालवून साठांतली बरीच अक्षरं ‘एआय-पॉवर्ड’ आणि ‘सीमलेस’मध्ये खर्च केली. बिल हा शब्द शेवटी बसलाच नाही.

मग पहिली कमेंट. ती मेकरनेच, म्हणजे प्रॉडक्ट बनवणाऱ्यानेच, लिहायची आणि तिच्यात कल्पना कशी सुचली त्याची हृदयद्रावक कहाणी सांगायची, असा तिथला रिवाज. याने इंग्रजीत लिहिलं की, लहानपणापासून मी माझ्या वडिलांना कागदी बिलांशी झुंजताना पाहिलं. वडील पीएमटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, “मी कधी झुंजलो रे? १९८५पासूनची सगळी बिलं फायलीत आहेत. कुठलं काढून देऊ सांग!”

“बाबा, ती स्टोरी आहे.”

“स्टोरीत तुझ्या बापाला नीटनेटका ठेवायला काय हरकत होती?”

खरी अडचण पुढेच. सरळ ‘मत द्या’ म्हणणं त्या साइटला चालत नाही. ‘येऊन पाहा, काय वाटतं ते सांगा’ असं म्हणायचं. त्यामुळे लॉंचच्या दिवशी दुपारी १२.३२ला कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप गेला की, प्रामाणिक अभिप्राय हवा आहे. आत्याने लिहिलं, “खूप छान. पण बारीक झालास.” मावशीने हात जोडले, वाढदिवसाचा केकही पाठवला. काकांनी खातं उघडायच्या नादात स्वतःचंच प्रॉडक्ट लॉंच करायचा फॉर्म अर्धा भरला आणि फोन करून विचारलं, “टॅगलाइन काय टाकू?” एका घरातून धडाधड उघडलेल्या कोऱ्या खात्यांचा साइटला संशय येतो. नातेवाइकांचं प्रेम मोजणीत गळून पडलं.

मग मोजली गेलेली मतं दिली कोणी? ज्यांचं लॉंच उद्या, परवा किंवा पुढच्या मंगळवारी आहे त्यांनी. हा सगळा आहेराच्या वहीचा मामला असतो: तुझ्या कार्याला मी आलो, माझ्या कार्याला तू ये. ‘कॉंग्रॅट्स ऑन द लॉंच’ असं लिहिणाऱ्या कुणीच बिलाचा फोटो काढून पाहिलेला नसतो. फाउंडर प्रत्येकाला उत्तर देतो, रॉकेटचं चित्र लावून. मधूनच कुणी दलाल निरोप पाठवतो की, इतके डॉलर टाका, पहिल्या पाचात आणतो. हा बाणेदारपणे नकार देतो आणि नंतर तासभर भाव आठवत बसतो.

पहाटे तीनला कॅलिफोर्नियात दुपार असते, म्हणून हा जागा. खाली स्वारगेटच्या जेधे चौकात खासगी गाडीवाला ओरडतो, “दादर, दादर, एक सीट, लगेच निघणार!” गाडी रिकामी असते हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, तरी थोड्या वेळात ती भरून निघते. त्या गड्याकडे ना टॅगलाइन ना बिल्ला. समोरच्याला कुठे जायचंय आणि तो किती देईल, एवढंच तो चेहऱ्यावरून ओळखतो. फाउंडर त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून खिडकी लावून घेतो. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की भाव विचारतं, दोष काढतं, उद्या येतो म्हणतं. मत देणारा यांतलं काही करत नाही. बटण दाबतो आणि जातो. म्हणून तर याला तो आवडतो.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला निकाल लागला. सातवा नंबर. त्याने ‘जागतिक क्रमवारीत सातवे’ असं लिंक्डइनवर टाकलं. आईने शेजारी पेढे वाटले, कशाचे ते न विचारता. आठवड्याने आकडे पाहिले तेव्हा नोंदणी केलेले बहुतेक परत फिरकलेच नव्हते.

तेवढ्यात शेठचा निरोप आला, तोही मराठीत आणि साठ अक्षरांच्या आत: “मराठी पट्टी वाचत असेल तर सांगा. महिना पाचशे देतो.”

फाउंडरने तो निरोप ‘फीचर रिक्वेस्ट, कमी महत्त्वाची’ या रकान्यात टाकला, कारण दुसऱ्या आवृत्तीच्या लॉंचची तारीख ठरली होती. मात्र शिष्टाचार तो विसरला नाही. शेठना लगेच उत्तर गेलं: “थँक्स फॉर द सपोर्ट!” आणि पुढे रॉकेट.