गोदौलिया टाळून

जानेवारीतली पहाट. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर माणसं कानटोपी, मफलर आणि वर घोंगडी गुंडाळून बसलेली. मी मात्र स्वेटर काढून ओढणीने वारा घेत होते. नाववाल्याने विचारलं, "माताजी, बुखार है?" माताजी! सत्तेचाळिसाव्या वर्षी! अंगाचा भडका थेट डोक्यात गेला.

बुखार नव्हता, पेरीमेनोपॉज होता. मराठीत रजोनिवृत्तीचा उंबरठा. निवृत्ती म्हटली की निदान तारीख आणि पेन्शन तरी असते. इथे पाळी दोन महिने दडी मारते आणि नेमकी रेल्वेच्या डब्यात उगवते. सलग वर्षभर उगवली नाही, तरच ती गेली म्हणायचं.

वर्षभर मी इस्ट्रोजेनची गोळी घेत होते. वजन वाढलं, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता गोळीऐवजी दंडावर चोळायचं जेल घ्या. विचार करा, काशीहून आल्यावर सांगा." लोक इथे मोक्ष मागायला येतात, मी गोळी की जेल हे ठरवायला आले.

सोबत सासूबाई. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पदर खोचायचो नि कामाला लागायचो." मग घाटाकडे हात करून त्यांनी ब्रह्मास्त्र काढलं, "अहिल्याबाईंनी काय चोळलं होतं गं?"

अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725, राज्याचा कारभार हाती घेतला 1767 मध्ये. बेचाळीस! ऐन भडक्याच्या तोंडावर. विश्वनाथाचं देऊळ 1780 मध्ये पुन्हा उभं केलं, ते पंचावन्नाव्या वर्षी. रात्री त्यांना दरदरून घाम फुटायचा का, हे लिहिण्याइतकी फुरसत बखरकारांना कुठली!

"आई, त्यांच्या हाताशी सेनापती तुकोजीराव होते. माझ्या हाताशी तुमचे चिरंजीव आहेत."

सासूबाईंनी गंगेला हात जोडले.

चिरंजीवांचं मत फोनवर आलं : "त्या हार्मोनने कॅन्सर होतो म्हणे." हे 'म्हणे' 2002 सालचं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला : दहा हजारांत वर्षाला 30 च्या जागी 38. आकडा खोटा नाही. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं 63, आणि ते विचारायच्या आधीच जगभर गोळ्या कचऱ्यात गेल्या.

निकाल लागला परतताना. गोदौलिया चौकात आमची रिक्षा हलेना. पुढे बैल, मागे वरात. शेवटी उतरलो, गल्लीत शिरलो आणि पाच मिनिटांत मुक्कामी. तेव्हा डॉक्टरबाईंचं म्हणणं डोक्यात उतरलं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तोच गोदौलिया. तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, म्हणून गुठळीची धास्ती, त्यात माझं वजन. जेल कातडीतून थेट रक्तात, गल्लीची वाट. कातडीवर चिकटवायचा पॅचही गल्लीतलाच, पण माझ्या घामाने तो पहिल्याच डुबकीत गंगार्पण झाला असता. गर्भाशय जागेवर असल्याने प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल मात्र सुटत नाही. ती रात्री घ्यायची. गुंगी येते, तो प्रसाद समजायचा.

घरी येऊन जेल सुरू केलं. तुम्हीही डॉक्टरांच्या सल्ल्याने करणार असाल तर एवढंच : लावलेला दंड उघडा ठेवून लगेच नातवाला कडेवर घेऊ नका. ते औषध त्याच्यासाठी नाही.