बोरघाटात मुक्काम, सबब पाणी

सर जॉन माल्कम हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना, म्हणजे १८३० साली, बोरघाटातील गाडीरस्ता रहदारीस खुला झाला आणि १८६३ मध्ये आगगाडीनेही तोच डोंगर सर केला. परंतु या दोन्ही पराक्रमांनंतरही घाटाने आपला एक प्राचीन हक्क सोडलेला नाही, तो हा की, बैल असो, घोडा असो, वाफेचे इंजिन असो वा मोटार असो, वर चढणाऱ्याने मध्येच कोठेतरी थांबून पाणी प्यावे. द्रुतगती मार्ग झाल्यापासून या हक्काची वसुली बरीच मंदावली आहे. पण आमच्या मामांच्या गाडीच्या काळी ती पै न पै होत असे.

मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची गाडी मात्र, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली आणि दारे दोनदा आपटल्यावाचून न लागणारी, निवृत्तीचे वय केव्हाच उलटून गेले असतानाही सेवेत कायम होती. अशा वयाच्या गाडीला किमान-कमाल रेघांची ती अलीकडची पारदर्शक बाटली नसते. कूलंट किती आहे हे रेडिएटरचे झाकण काढून, आत डोकावूनच ठरवावे लागते, आणि झाकण काढण्याचा अधिकार मामांनी स्वतःकडे राखून ठेवला होता. रोज पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी तोंडापासून दोन बोटे खाली आहे ना, होज पाईपच्या क्लिपांपाशी ओल तर नाही ना, अंगठ्याने दाबले असता फॅनबेल्ट अर्ध्या इंचाहून अधिक लवत नाही ना, याची ते जातीने रुजवात घेत आणि ती एका लांबट नोंदवहीत तारीख, वेळ, पातळी, रंग व शेरा अशा रकान्यांत दाखल करीत. शेऱ्याचा रकाना बहुधा कोरा असे, कारण शेरा मारणारा वरिष्ठ त्या घरात कोणी नाही, असा मामांचा समज होता.

त्या मे महिन्यात आम्ही दादरहून पुण्याला निघालो तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा माझा मावसभाऊ एक हिरवट द्रवाचा कॅन घेऊन आला. मामा आजवर रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी भरीत आले होते आणि त्या पाण्यातला क्षार, बंबाच्या तळाशी धरतो तसा, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरून बसला होता, हे मावसभावाचे निदान. त्यावर निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर हा त्याचा उतारा. या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्याहून काही अंशांनी अधिक असतो, त्यातील द्रव्यांमुळे आत गंज चढत नाही, आणि ते उणे ३५ अंशांतही गोठत नाही, असे त्याने सांगितले.

“म्हणजे खोपोलीत बर्फ पडला तरी आपण सुटलो,” मामी म्हणाल्या.

ग्लायकॉल चवीला गोड परंतु पोटात गेल्यास प्राणघातक, म्हणून कुत्र्या-मांजरांपासून जपावे, हेही त्याने सांगितले. तेव्हा मामांनी तो कॅन तत्काळ डिकीत टाकून डिकीला कुलूप लावले. वापराचा प्रश्न विचाराधीन राहिला.

खोपोलीपर्यंत प्रवास निर्वेध झाला. तेथे वडे बांधून घेतले, आणि डोंगरावरून उतरणारे ते प्रचंड नळ पाहात असता मावसभावाने माहिती दिली की, लोणावळ्याच्या बाजूची तळी अडवून, तेथील पाणी या नळांवाटे खाली सोडून टाटांनी १९१५ पासून येथे वीज निर्माण केली आहे. एवढे पाणी ज्या डोंगरावरून विनासायास खाली येते, त्याच डोंगरावर आमच्याकडचे चार तांबे पाणी वर जाईना, हा दैवदुर्विलास पुढच्या काही वळणांतच आमच्या प्रत्ययास आला. पुढे मालट्रकांची रांग, पाठीवर ऊन, दुसऱ्या गिअरची रखडपट्टी. काटा तांबड्या पट्ट्यात शिरला, बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागली, आणि शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे मामांनी गाडी कडेला घेतली. या शिंगरोबा धनगराने इंग्रज इंजिनिअरांना घाटाची वाट दाखवली अशी आख्यायिका आहे, आणि जाता-येता गाडीवाले तेथे नाणे टाकतात. मामींनी तेही टाकून घेतले.

घाटात मोटार तापली म्हणजे सल्लागारांचे जे मंडळ आपोआप नेमले जाते, त्याला ना वेतन असते ना जबाबदारी. एका स्कूटरस्वाराने झाकण ताबडतोब उघडून वाफ मोकळी करण्याची शिफारस केली. एका ट्रकच्या क्लीनरने “शेठ, पाणी मारा, भरपूर पाणी!” असे ओरडून, बादली पुढे करण्याचीही सिद्धता दाखवली. पांढरी टोपी घातलेल्या एका पोक्त गृहस्थांनी थर्मोस्टॅट काढून फेकून द्यावा, आपल्या हवेत तो नुसता अडथळा आहे, असा निवाडा दिला. हा शेवटचा निवाडा आपल्याकडे पुष्कळ मिस्त्रीही देतात, आणि मला तो सर्वस्वी अमान्य आहे. कारण थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर उगाच थंड राहते आणि पेट्रोल अधिक पिते. पण ते असो.

मामा झाकणापुढे हात आडवे करून उभे राहिले होते. सेवेत अनेक जप्त्या ज्यांनी स्थितप्रज्ञतेने पाहिल्या, त्यांचा आवाज त्या क्षणी चढला. “हात लावायचा नाही कुणी!” असे बजावून त्यांनी जमलेल्या मंडळींस जे समजावून दिले ते असे : पाणी समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळते, खंडाळ्याच्या उंचीवर दोनेक अंश आधीच, परंतु हे झाकण आत सुमारे अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब अडवून धरते, त्यामुळे आतले पाणी ११० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत आपले उकळणे तहकूब ठेवते, झाकण काढले की तहकुबी उठते, आणि तुंबलेल्या सगळ्या उकळण्याची अंमलबजावणी एकाच क्षणी होते, तीही काढणाऱ्याच्या तोंडावर. थंड पाण्याची बादली तापलेल्या इंजिनात ओतणे याचा अर्थ लोखंडास तडा जाण्याची लेखी परवानगी देणे. सबब, अर्धा-पाऊण तास थांबणे, हाच हुकूम.

हुकूम निघाला, पण थांबणे ही क्रिया आमच्या कुटुंबास मुळातच पारखी. मामींनी वड्यांचा विषय काढला; मामांनी तो गाडीचा निकाल लागेपर्यंत पुढे ढकलला. सल्लागार मंडळ, करण्यासारखे काहीच उरले नाही असे पाहून, विसर्जित झाले. अखेर रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेववतो इतकी गाडी निवल्यावर मामांनी जाड फडक्याची घडी झाकणावर ठेवली, पहिल्या खाचेपर्यंतच ते फिरवले, उरलेली वाफ फुसकन निघून जाऊ दिली, मग झाकण काढून आत पाहिले. पाणी दिसत नव्हते.

“भाचेबुवा,” डिकीची किल्ली पुढे करीत मामा म्हणाले, “तो तुमचा गोड पदार्थ आणा.”

निम्मे-निम्मे मिसळून, इंजिन मंदगतीने चालू ठेवून, मामांनी ते बारीक धारेने ओतले. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ओतले. आणि दोन बोटांची जागा ठेवून झाकण लावले. नंतर वही बॉनेटवर उघडून त्यांनी वेळ मांडली, पातळीच्या रकान्यात “निरंक, नंतर पूर्ण” असे लिहिले, रंगाच्या रकान्यात प्रथमच “हिरवा” लिहिले, आणि पेन हातातच धरून ते होजच्या क्लिपा चाचपू लागले. तेवढ्यात मामींनी वही ओढून घेऊन शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले : गाडीच्या आधी वडे गार झाले.

मामांनी परत येऊन तो शेरा वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला, आणि त्याखाली शाईने “पाहिले” असे लिहून तारखेनिशी सही केली.