हवेचा तंबू कसा निवडावा: रायपूरच्या शंकर नगरातल्या नवशिक्यांसाठी

पहिली पायरी: घरात कुणाला सांगू नका.

‘आम्ही चौघं एक रात्र गंगरेलच्या धरणावर तंबूत राहून येणार’ हे वाक्य शंकर नगरात सकाळच्या चहाला उच्चारलं, की दुपारपर्यंत ते चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात पोचतं आणि संध्याकाळी नागपूरहून मावशीचा फोन येतो, ‘आम्हीपण येतो ना बाप्पा, शिवनाथचं तिकीट पाहतो.’ म्हणून आधी तंबू ठरवा, मग माणसं. उलट केलंत तर तंबू राहील बाजूला आणि तुम्ही मंगल कार्यालयाचं भाडं विचारत फिराल.

तंबूच्या पिशवीवर ‘४ व्यक्ती’ असं छापलेलं असतं. ही व्यक्ती कोण, ते समजून घ्या. ती साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद असते, रात्रभर कूस बदलत नाही, तिला उशाशी चष्मा, गोळ्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या लागत नाही. अशी व्यक्ती आपल्या कुणाच्या कुटुंबात आजवर जन्माला आलेली नाही. तेव्हा छापील आकड्यातून दोन वजा करा. चौघांना सहाचा तंबू. आजी येणार असतील तर वजाबाकी तीनची करा आणि आत ताठ उभं राहता येतं का, ते बघा. ‘थोडं वाकलं की झालं,’ असं दुकानदार म्हणेल. त्याला वाकून लुगडं नेसून दाखवायला सांगा. मधोमध दोन मीटरच्या आसपास उंची असली तर पुढे बोला, नसली तर नमस्कार करून बाहेर पडा.

तंबूत राहणं आपल्याला परकं नाही. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर रतनपूरला आले, आणि तिथून पुढे या मुलखात मराठी माणसाचे पाय टिकले. त्या फौजांबरोबर राहुट्या-डेरे ठोकायला खास माणसं असत. तुमच्याबरोबर मेहुणा असतो. हा फरक खरेदी करताना विसरू नये.

आता वस्तूकडे वळू. हवेच्या तंबूत दांड्या नसतात, त्यांच्या जागी मनगटाहून जाड अशा हवेच्या नळ्यांच्या कमानी असतात. नळीचं काम सायकलच्या टायर-ट्यूबसारखं: बाहेर चिवट विणीच्या पॉलिस्टरची खोळ, आत टीपीयू नावाच्या लवचीक प्लॅस्टिकचा ब्लॅडर. हवा धरतो तो ब्लॅडर, ताण सोसते ती खोळ. दुकानात कापडाचा रंग, खिडक्यांची नक्षी, दिवा टांगायची कडी वगैरे बघण्यात तासभर जातो. तुम्ही तेवढ्या वेळात एकच प्रश्न विचारा: ‘खोळीला चेन आहे का? ब्लॅडर बाहेर काढता येतो का आणि सुटा मिळतो का?’ छत्तीसगडात बाभूळ आणि बोर सगळीकडे आहेत, त्यामुळे काटा कधीतरी लागणारच. ब्लॅडर निघत असेल तर ठिगळ लावून रात्र साजरी होते.

दुसरा प्रश्न व्हॉल्व्हचा. काही तंबूंत सगळ्या कमानी आतून जोडलेल्या असतात आणि एकाच तोंडातून भरतात. काहींत प्रत्येक कमानीला स्वतंत्र तोंड असतं. एकच तोंड सोयीचं खरं, पण मध्ये बंद करायची सोय नसेल तर एक कमान बसली की बाकीच्याही सहानुभूतीने बसतात. माझं मत स्वतंत्र तोंडांच्या बाजूने आहे.

तो व्हॉल्व्ह जरा जवळून पाहा. झाकण फिरवून काढलं की बऱ्याच तंबूंत मधोमध स्प्रिंगवरची एक बारीक दांडी दिसते. ती वर असली की हवा आत जाते आणि तिथेच अडते. बोटाने दाबून फिरवली की ती खालीच राहते आणि हवा बाहेर सुटते. नवशिका माणूस दांडी खाली असतानाच पंप मारायला बसतो. घामाघूम होतो, कमान डौलात उभी राहते, सगळे टाळ्या वाजवतात, तो पंपाची नळी काढतो, आणि फुस्सकन कमान आजींच्या अंगावर येते. म्हणून आधी दांडी बघा, मग बाह्या सरसावा.

पंपाबद्दल थोडक्यात. घरचा सायकलचा पंप चालत नाही. तो दाब फार देतो आणि हवा चमचाभर. तंबूला याच्या उलट लागतं, हवा पुष्कळ आणि दाब बेताचा. वर-खाली दोन्हीकडे हवा देणारा हातपंप तंबूबरोबर येत असेल तर उत्तम, आणि त्यावर दाबाचा काटा हवाच. काट्यावर पीएसआय लिहिलेलं असतं. ‘सात पीएसआय लागतात’ असं तुम्ही मोठ्याने वाचलंत की नागपूरचे काका दचकून विचारतात, ‘एका तंबूले सात सबइन्स्पेक्टर कायले पाहिजे?’ त्यांना समजावत बसू नका, पंप त्यांच्या हातात द्या. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारे विजेचे पंपही मिळतात, पण ते हातात असले की काकांना काम उरत नाही. रिकामे काका फार महाग पडतात.

हवेच्या तंबूची खरी अडचण इथेच आहे. दांड्यांचा तंबू उभारताना कुणी दांडी ओवतं, कुणी टोक धरतं, कुणी ‘ही नाही, ती लांबवाली’ म्हणून ओरडतं, आणि सगळं कुटुंब कामाला लागलेलं असतं. हवेच्या तंबूत एक माणूस पंप मारतो आणि उरलेले सल्ला देतात. जाहिरातीतली ‘दहा मिनिटांत तंबू तयार’ ही दहा मिनिटं फक्त हवेची असतात. हवा भरून दांड्यांचं भांडण मिटतं. जमीन, ऊन, पाऊस आणि नातेवाईक यांना तिने हातसुद्धा लावलेला नसतो.

जमिनीचं बघू. तंबू हवेने उभा राहतो, पण जागेवर राहतो तो मेखांनी, आणि हवा भरायच्या आधी चारही कोपरे मेखांनी बांधायचे असतात. बिनमेखांचा फुगलेला तंबू वाऱ्यावर निघाला की त्याच्यामागे धावणाऱ्या माणसाला पाहायला गाव जमतं. पिशवीतून येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा युरोपातल्या मऊ हिरवळीसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे शेतकरी जमिनीची चार नावं घेतात: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. भाटा म्हणजे लाल मुरमाड माळ, त्यात तारेची मेख दुसऱ्या ठोक्याला प्रश्नचिन्हासारखी वाकते. तिथे लोहाराकडून जाड सळईच्या मेखा करून घ्या आणि हातोडा न्या, दगडाने ठोकायचा मोह टाळा. कन्हार ही काळी माती. ओली असताना तिच्यात मेख लोण्यात जावी तशी जाते आणि तशीच परत येते. सिरपूरला महानदीच्या वाळूत तर काहीच धरत नाही. तिथे पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोर बांधायचा आणि पिशव्या हातभर खोल पुरायच्या. मटासी आणि डोरसा मध्ये पडतात, त्यांच्यावर लेख लिहावा असं काही नाही.

मग पाऊस. कापडावर ‘३००० मिमी’ असं लिहिलेलं असतं. काका हिशोब करतात: रायपुरात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हा तंबू अडीच वर्षांचा पाऊस झेलणार. हिशोब चोख, अर्थ चुकलेला. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत पाणी झिरपत नाही, एवढंच तो आकडा सांगतो. वरच्या कापडाला दोन-तीन हजार पुष्कळ झाले. त्यापेक्षा शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बोट फिरवून पाहा, कारण पाणी आधी शिवणीतून येतं. आणि तळाचं कापड भिंतींना शिवलेलं असावं, वीतभर कठडा वर आलेला. हे फक्त पावसासाठी नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात येऊन चावते. आपल्याच राज्यात जशपूरकडच्या तपकरा भागाला लोक नागलोक म्हणतात. तेव्हा ‘तळ सुटा आहे, धुवायला सोपा’ असं कुणी कौतुक सांगितलं तर ऐकून घ्या आणि शिवलेल्या तळाचा तंबू घ्या. चेन मात्र प्रत्येक वेळी लावायची, ‘आत्ता आलोच’ म्हणणाऱ्यांनीसुद्धा.

उन्हाचा विषय रायपूरकराला शिकवायची गरज नाही, पण बंद नळीतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. डिसेंबरात गंगरेलला सकाळी १५ अंशांना ७ पीएसआय भरलेत आणि दुपारच्या उन्हात नळी ५० अंशांपर्यंत तापली, तर काटा साडेनऊच्या पुढे जातो. म्हणून दुपारी थोडी हवा सोडायची. मैनपाटला उलटा प्रकार. दुपारी २५ अंशांना भरलेले ७ पहाटे ३ अंशांना साडेपाचच्या आसपास उतरतात. तंबू पहाटे खांदे पाडतो, घरचे म्हणतात भोक पडलं, आणि पंपवाला काका स्वेटर घालून उठतो. भोक नसतं, थंडी असते. जादा दाब आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह असलेले तंबूही मिळतात. परवडत असेल तर घ्या. आणि नवतप्यात तंबू काढूच नका. कितीही काळ्या अस्तराचं कापड असलं तरी त्या दिवसांत आत माणसं ठेवली तर वाफवलेल्या फऱ्यासारखी निघतील.

एवढं झालं की गच्चीवर तालीम करा. स्लॅबमध्ये मेखा जात नाहीत, तेव्हा चार कोपऱ्यांना पाण्याचे वीस लिटरचे जार बांधा. शेजारच्या गच्चीवरून ‘भैया, शादी है क्या?’ असं कुणी विचारेल, मान हलवा. रात्रभर तंबू तसाच ठेवा आणि सकाळी कमान दाबून पाहा. गळती असेल तर ती इथे कळलेली बरी. दुपारच्या आत खाली उतरवा, कारण गच्चीवरच्या उन्हात पॉलिस्टर हळूहळू कुजतं. पोरं तंबूतच झोपायचा हट्ट धरतील, झोपू द्या. दहा वाजता डास चावले की जिना त्यांना माहीत आहे.

कुठे जायचं? गंगरेल शंकर नगरापासून नव्वदेक किलोमीटर, नवशिक्यांना तेच बरं. फक्त पाण्याला लागून तंबू ठोकू नका. धरणाचं पाणी कुणाला विचारून वाढत नाही. बारनवापारा अभयारण्यात मनाला येईल तिथे स्वतःचा तंबू लावता येत नाही, वनविभागाच्या निवासात राहा आणि तंबू गाडीतच ठेवा. महासमुंद आणि बलौदाबाजारच्या पट्ट्यात हत्ती फिरतात. त्यांना धान आणि मोहाचा वास लांबून येतो, आणि सात पीएसआयची भिंत त्यांना भिंत वाटत नाही. सिरपूरला जायचं तर आधी गावात चौकशी करा, आणि कुणी प्रेमाने मोहाची बाटली दिलीच तर तंबूत ठेवू नका. खाऊसुद्धा गाडीत कुलूपबंद. बागबाहराजवळ घुंचापालीच्या चंडी मंदिरात अस्वलं प्रसादाला येतात, ती तुमच्या बेसनाच्या लाडवांना का सोडतील?

एका बाबतीत थट्टा नको. कितीही थंडी असली तरी पेटलेली शेगडी किंवा निखारे तंबूत आणायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. डासांची कॉइलही बाहेर. एक ठिणगी पडली तर कापड वितळायला वेळ लागत नाही.

परत येताना तंबू स्वतःच्या पिशवीत मावणार नाही. सगळे व्हॉल्व्ह उघडा, लांबच्या टोकापासून व्हॉल्व्हच्या दिशेने गुंडाळत या, त्यावर काकांना बसवा. तरीही मावणार नाही. म्हणून निघायच्या आधीच गोलबाजारातून ताडपत्री घेऊन शिंप्याकडून दीडपट मोठी पिशवी शिवून घ्या, जाड पट्ट्यांची, कारण कुटुंबाच्या तंबूचं वजन पंधरा ते तीस किलो भरतं. ओला गुंडाळला असेल तर घरी आल्या दिवशी गच्चीवर सावलीत पसरा. ‘रविवारी बघू’ म्हणालात तर रविवारपर्यंत बुरशी धरते.

तंबू वाळत घातलेला दिसला की गल्लीतून मागणी सुरू होईल. कुणाला वाढदिवसाला हवा, कुणाला गणपतीत मुलांच्या नाटकाला, कुणाचा जावई अमरकंटकला निघालेला. नाही म्हणून वाईटपणा घेऊ नका. तंबू हसतमुखाने द्या. पंपाबद्दल त्यांनी विचारलं तर म्हणा, काका नागपूरला घेऊन गेलेत.