पंचवीसातला पाचवा

विजयदुर्गात होम-स्टे काढायचा तर पूर्वी चिरा, वाळू आणि गवंडी एवढ्यावर भागायचं. आता इंटिरियरवालाही लागतो. तो मुंबईहून येतो आणि येताना चित्रं घेऊन येतो. साधीसुधी नव्हेत, लिमिटेड एडिशन. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ५/२५, उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आणि सोबत एक सर्टिफिकेट, जे सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं कपाटात जपायचं असतं.

अशाच एका चित्रासमोर कमरेवर हात ठेवून शेजारच्या आबांनी विचारलं, "पंचवीसातलो पाचवो? मगे बाकीचे चोवीस खय आसत?" सगळे हसले. मला मात्र वाटतं, या धंद्यात विचारण्यासारखा प्रश्न हाच.

एके काळी त्याचं उत्तर सरळ होतं. ड्रायपॉइंट घ्या. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडलं की रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते, ती शाई धरते आणि त्या रेघेला मखमली काळेपणा येतो. यंत्राच्या दाबाखाली वीस-तीस छाप निघाले की ही कोर चेपून जाते. म्हणजे आवृत्ती किती ते तांबं ठरवणार. लिथोचा दगड काम झालं की घासून पुढच्या चित्राला वापरायचे. शेवटी पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करायचा, म्हणजे उद्या कुणी चोरून छापलंच तर ती रेघही छापली जाईल. आजही जे.जे.मध्ये किंवा बडोद्यात शिकून स्वतः रोलर फिरवणारी मंडळी हे इमानाने करतात. त्यांच्या वाटेला मी जात नाही.

मी बोलतोय ते जिक्लेबद्दल. नाव फ्रेंच, पण जात इंकजेट प्रिंटरची. कागद सुती, शाई न उडणारी, यंत्र खाटेएवढं. काम उत्तम होतं यात वाद नाही. पण पंचविसावी प्रत आणि अडीच हजारावी प्रत यांत तिळाचा फरक नसतो. पंचवीसवर थांबायचं की नाही, हे विकणाऱ्याच्या शब्दावर. त्यातही पळवाटा आहेत. लहान आकारात पंचवीस, मोठ्या आकारात पंचवीस, कॅनव्हासवर आणखी पंचवीस. वर 'ए.पी.', म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या जादा प्रती. त्या मोजणीत धरायच्या नसतात.

आपल्याकडे छापील चित्र आलं ते नेमकं उलट्या हिशेबाने. १८७८मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी चित्रशाळा हा छापखाना काढला. १८९४मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना घातला, पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. रंगागणिक वेगळा दगड, दगडागणिक वेगळा छाप, एवढा खटाटोप कशासाठी? तर राजवाड्यातली लक्ष्मी-सरस्वती चार आण्या-आठ आण्यांच्या ऐपतीच्या घरातही पोचावी म्हणून. जास्तीत जास्त छापणं हाच धंदा होता. प्रतीवर आकडा घालायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

आणि गंमत बघा. त्या प्रती घरोघरी गेल्या आणि तिथल्या बायकांनी त्या वेगळ्या करून टाकल्या. लक्ष्मीच्या छापील लुगड्यावर खरी जर टाचली, टिकल्या शिवल्या, गळ्यात मणी ओवले. दिव्याची काजळी आणि कुंकवाची बोटं वेगळीच. हजारो सारख्या चित्रांतलं प्रत्येक चित्र त्या त्या देवघराचं एकुलतं एक झालं. त्यावर सर्टिफिकेट नव्हतं एवढंच.

मग कोकणाने आपलं काम केलं. इथे आवृत्तीची मर्यादा पाऊस ठरवतो. चिऱ्याच्या भिंतीला जूनमध्ये ओल धरते ती दिवाळीपर्यंत उतरत नाही. आधी कागदावर तपकिरी ठिपके, मग कसर, मग मागच्या फळीतून वाळवी. काच तडकली की देव घरात ठेवायचा नाही म्हणून तसबीर पिंपळाच्या पारावर जाते, नाहीतर खाडीत. आता मुंबईच्या दुकानांत त्याच छापील तसबिरींना, म्हणजे ओलिओग्राफना, भाव आलाय, आणि भाव आला म्हणून नव्या प्रती चहाच्या पाण्याने पिवळ्या करून जुन्या म्हणून खपवल्या जातात. खरी टंचाई अशी येते. ती कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून आणता येत नाही.

इंटिरियरवाल्याला हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला 'लोकल टच' हवा होता. नेटवर शोधून त्याने विजयदुर्गाचं एक जुनं भव्य चित्र काढलं. किल्ला, धूर, आगीचे लोळ, शिडं फुगवलेली गलबतं. मालक खूश. चित्र डॉमिनिक सेरचं, मूळ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. विषय: घेरियाचा पाडाव, फेब्रुवारी १७५६. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार समोरून, क्लाइव्हची फौज जमिनीवरून. किल्ला तेव्हा ज्याच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्याने इंग्रजांकडूनच पकडलेलं 'रिस्टोरेशन' हे जहाज तोफगोळ्याने पेटलं आणि त्या आगीत आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं. म्हणजे होम-स्टेच्या दिवाणखान्यात, सोलकढी पिता पिता, पाहुण्यांनी आपलंच आरमार जळताना बघायचं! वर पेशवे या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होते. ती भानगड कुठल्या भिंतीवर टांगणार? इंग्रजांनी किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटून घेतली आणि पेशव्यांना त्यातला छदामही दिला नाही, हे तर चित्रात कुठेच नाही.

माझं म्हणणं, टांगा. जरूर टांगा. पण खाली दोन ओळी लिहा, की ज्यांनी जाळलं त्यांच्या बाजूने काढलेलं हे चित्र आहे.

आणि 'लोकल टच'च हवा होता, तर गाडी कुडाळकडे वळवायची होती. पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान् पिढ्या सांभाळून आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते अजून हाताने रंगवतात. दशावतारी जोडात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. दोन जोड शेजारी ठेवले तर मत्स्याचा डोळाही सारखा सापडायचा नाही. पण तिथे ५/२५ लिहिलेलं नसतं, त्यामुळे ते 'कलेक्शन'मध्ये बसत नाही. ते 'हस्तकला' होतं आणि काउंटरवर किल्ल्याच्या फ्रिज मॅग्नेटशेजारी जाऊन पडतं.

असो. कुणाला छापील चित्रच आवडत असेल तर त्यात पाप नाही. फक्त समुद्राकडची, झड खाणारी भिंत सोडा. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फळी यांतून वारा खेळेल. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट ठेवा, नाहीतर श्रावणात कागद काचेला चिकटेल. आणि पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला विचारा, की सगळे आकार आणि ए.पी. धरून एकूण प्रती किती आणि छपाई संपल्यावर मूळ फाइलचं काय करणार. उत्तर तोंडी घेऊ नका, बिलावर लिहून घ्या.