राजदूत सुरू करण्याची शास्त्रोक्त पद्धत

राजदूत मोटारसायकलचे इंजिन स्वतः उघडले, स्वतः बांधले आणि पहिल्या किकेत सुरू केले, असा मनुष्य मला शेगावात अजून भेटलेला नाही. प्रस्तुत मार्गदर्शन उरलेल्या सर्वांसाठी आहे.

प्रथम इंजिनाचा परिचय. एक सिलिंडर, १७३ सीसी, टू-स्ट्रोक. पोलंडच्या ‘एसएचएल’ गाडीवरून बेतलेले आणि १९६०च्या दशकात एस्कॉर्ट्स कंपनीने इथल्या रस्त्यांवर सोडलेले. १९७३च्या ‘बॉबी’त ऋषी कपूर जी चालवतो, ती हिची धाकटी बहीण. आमची थोरली, तिच्या दोन्ही कुशींना दुधाच्या कॅनचे घट्टे पडलेले. आत हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. व्हॉल्व नाहीत, कॅम नाही. भाग तीनच असल्यामुळे हे इंजिन आपल्याला कळते असे प्रत्येकाला वाटते. दोषांची यादी इथून सुरू होते.

गाडी कशासाठी बांधायची, हेही आधी ठरवावे. विलायतेत ‘ट्रायल्स’ नावाची स्पर्धा असते. दगड, ओढे, चिखल यांतून गाडी न्यायची. वेगाला महत्त्व नाही, पाय टेकायचा नाही. एकदा टेकला तर एक गुण दंड, गाडी अडकली तर पाच. १९६५ साली सॅमी मिलरने बुल्टाको या हलक्या टू-स्ट्रोकवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली आणि जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य तिथे संपत गेले. आमच्याकडे हीच स्पर्धा पहिल्या पावसानंतर दर शेतरस्त्यावर भरते. पंच नसतात. काळ्या मातीत पाय टेकला तर गुण राहू द्या, चप्पल जाते. मडगार्डात चिखल इतका भरतो, की चाक थांबून गाडी उभीच्या उभी राहते, आणि उतरून काडीने तो कोरत बसावे लागते. अशा रस्त्याला राजदूतच हवी, या विचाराने मी काकांची गाडी गोठ्यातून बाहेर काढली.

ब्लॉक बोअर मारायला अकोल्याला पाठवावा आणि वाट पाहावी. माझ्या बाबतीत गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाऊन, विठ्ठलाला भेटून, पायीच परत आली, तरी ब्लॉक आला नव्हता. या काळात उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते. म्हणून त्याचे तोंड चिंधीने बुजवावे. एवढी एक खबरदारी मी वेळेवर घेतली होती.

बांधणीबद्दल थोडक्यात: पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगांची तोंडे आपापल्या पिनवर, आणि सर्क्लिप बसवताना खाली क्रँककेसच्या तोंडावर फडके. सर्क्लिपला उडी मारायची फार हौस असते.

आता लक्षण. गाडी तिसऱ्या-चौथ्या किकेला सुरू झाली, चार श्वास घेतले, गुदमरली आणि बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा चार श्वास. इथून शास्त्र सुरू होते, आणि नेमक्या याच वेळी माणसे जमतात. पहिला येतो तो हातात कचोरी घेऊन. “प्लगमंदी कचरा आला असन भाऊ.” दुसरा धोरणात्मक बोलतो: “पेट्रोलच तसं येऊन रायलं आता. वीस टक्के तं इथेनॉल असते.” तिसरा काहीच बोलत नाही, फक्त मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहतो आणि मान हलवतो. सर्वांत जास्त भीती याची बाळगावी.

पहिली तपासणी ठिणगीची. गजानन महाराजांची चिलीम विस्तवावाचून पेटली, ही कथा या गावात पोथीतून घरोघरी पोचलेली आहे. राजदूतला ती सवलत नाही. प्लग काढावा, टोपीत बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवावा आणि किक मारावी. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी आली तर पॉइंट साफ करून त्यांतली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. माझी ठिणगी निळी होती. ती पाहून कचोरीवाले गृहस्थ किंचित नाराज झाले.

मग प्लगचा रंग. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. अशाने पिस्टन तापून ब्लॉकला धरतो. काळा, ओला असेल तर उलट. बरोबर रंग म्हणजे कचोरी तळून कढईतून काढतानाचा. (ही कचोरी पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी इथे रुजवली. पोलंडचे इंजिन आणि पंजाबची कचोरी, दोन्ही आता पक्की वऱ्हाडी झाली आहेत. दोहोंनाही तेल जास्त लागते.) नव्या बोअरला लिटरमागे ४० ते ५० मिलिलिटर टूटी ऑइल घालावे. माझा प्लग काळाकुट्ट आणि ओला निघाला. मी जेट साफ केला, फ्लोट खाली घेतला. गाडीने चारऐवजी तीन श्वास घेतले.

इथे खरे मर्म येते. टू-स्ट्रोकचे इंजिन म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवा ओढून घेतो. खाली येताना तीच दाबून बाजूच्या वाटेने वर ढकलतो. भात्याला भोक असेल तर लोहार कितीही तगडा असून उपयोग नाही. ही भोके क्रँकच्या दोन बाजूंच्या ऑइल सीलांत असतात. मॅग्नेटकडचे सील फाटले तर बाहेरची हवा आत शिरते, आणि मूठ न पिळता रेस आपोआप चढत जाते. क्लचकडचे फाटले तर इंजिन गिअरचे ऑइल पिऊ लागते, आणि धूर एवढा निघतो की शेजारी मच्छरांची फवारणी आली समजून खिडक्या लावतात. तपासणीसाठी सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडे ट्यूबच्या रबराने बंद करावीत, सायकलच्या पंपाने पाच-सहा पाउंड हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडा आला तर दोष सापडला. मी पाच मिनिटे डोळे लावून बसलो. एक बुडबुडा नाही. भाता शाबूत. सायलेन्सर दोन्ही हातांनी उचलून, पुसून, मी तो सन्मानाने परत बसवला.

ज्याला दोष सापडत नाही तो टायमिंगला हात लावतो. मीही लावला. टायरवाल्या गृहस्थांनी पहिल्यांदाच तोंड उघडले, “थोडी पुढं घ्या,” आणि मी प्लेट पुढे घेतली. ठिणगी फार लवकर पडू लागली, की पिस्टन माथ्यावर पोचायच्या आतच स्फोट त्याला मागे रेटतो. पहिल्या किकेने माझी पोटरी सोलली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली, आणि आवाज जरा निराळा वाटला तरी मी आनंदाने पहिला गिअर टाकून क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

यात चमत्कार काही नाही. व्हॉल्व नसलेल्या टू-स्ट्रोकला उलटे फिरण्यात काहीच अडचण नसते; क्रँक उलटा तर चाक उलटे. मात्र हे ज्ञान माझ्या मागे उभ्या असलेल्या मंडळींना नव्हते. ती पांगली. गाडी तीन हात मागे जाऊन कडब्याच्या पेंढीला टेकली, आणि इतका वेळ किका मारून सायलेन्सरमध्ये साचलेले पेट्रोल एकदम पेटले. असा बार उडाला, की स्टेशनाकडची कुत्री भुंकू लागली. सायलेन्सरच्या तोंडातून काळे काहीतरी सुटले आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडले.

गाडी मात्र बंद पडली नव्हती. उलटीच, पण अगदी सुरेख चालत होती.

“पेट्रोल पोचलं तिच्यात,” इथेनॉलवाले म्हणाले. “मी सांगतलं नव्हतं, कचरा होता?” कचोरीवाले म्हणाले. आई कुरडयांपाशी गेली, ती वस्तू दोन बोटांत धरून तिने झटकली आणि उजेडात उलगडून पाहिली.

“हे तं तुही बनियान आहे.”