कडक स्प्रिंगा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

गाडीला खरंच काय झालंय ते आधी बघा, असं सांगणारं मार्गदर्शन कुणी वाचत नाही. म्हणून ते इथे दुसऱ्या पायरीवर ठेवलं आहे. पहिली पायरी निर्णयाची.

रोह्यात तो साधारण असा होतो. भिसे खिंडीच्या चढावर तुम्ही मूठ पिळता, इंजिन बोंबलतं, पण गाडी काही वेग धरत नाही. मागून एसटी हॉर्नवर बसलेली. संध्याकाळी नाक्यावर ही हकिकत सांगितली की चहा संपायच्या आत निदान मिळतं : "क्लचच्या स्प्रिंगा बसल्या. कडक टाक." निदान करणाऱ्याकडे स्कूटर असते, तीही बिनगिअरची.

दुसरी पायरी तुम्ही गाळणारच आहात, तरी लिहितो. क्लचच्या दांडीच्या टोकाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ढील आहे का पाहा. ती नसेल तर केबल क्लचला कायम थोडा दाबून धरते, आणि तुम्ही दोष स्प्रिंगांना देता. उपाय नट फिरवण्याचा, खर्च शून्य. मग तेल. स्प्लेंडरसारख्या गाडीत क्लचप्लेटा इंजिनच्याच तेलात बुडून फिरतात. चारचाकीच्या तेलात कधीकधी घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनला ती मानवतात, प्लेटा मात्र घसरतात. बाटलीवर 'जासो एमए' असं लिहिलेलं हवं. काकांच्या चारचाकीतून उरलेलं पाऊण लिटर फुकट मिळतंय म्हणून ओतू नये. (ओतलं होतं. काकांना अजून माहीत नाही.)

तेलही ठीक असेल तर प्लेटा झिजल्या असतील. पळस्पे ते इंदापूर महामार्ग रुंद करायला 2011 साली सुरुवात झाली. तेव्हापासून पेण-वडखळच्या रांगांत अर्धा क्लच दाबून पुढे सरकत राहणं हे इथल्या चालकाचं मूलभूत शिक्षण झालं. अर्धा दाबलेला क्लच म्हणजे एकमेकींवर घासत राहिलेल्या प्लेटा. झिजलेल्या प्लेटांवर कडक स्प्रिंग लावणं म्हणजे गुळगुळीत टायरात जास्त हवा भरणं.

आता थोडं गणित. क्लचची पकड म्हणजे स्प्रिंगांचा दाब, घासणाऱ्या बाजूंची संख्या, घर्षणाचा गुणांक आणि प्लेटेची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार. दाब वीस टक्के वाढवला की पकड वीस टक्के वाढते. दांडी ओढायला लागणारा जोरही तेवढाच वाढतो, आणि तो तुमच्या डाव्या हातातून जातो. इंजिनची ताकद मात्र होती तिथेच. ज्यांनी इंजिनच वाढवलंय, शर्यतीत उतरतात, त्यांना ही पकड लागते. 97.2 सीसीच्या गाडीला ती लावणं म्हणजे पोह्याच्या डब्याला तिजोरीचं कुलूप. तरीही करायचंच असेल, तर पुढे वाचा.

इंजिनचं तेल काढा. किकचा दांडा आणि पाय ठेवायची दांडी सोडवा, केबल सुटी करा. उजव्या कव्हरचे बोल्ट आठ नंबरच्या टी-पान्याने काढा. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. या लेखातली सर्वांत उपयोगी सूचना हीच. पॅकिंग फाटणार, नवं आधीच आणा, नाहीतर ते आणायला रिक्षाने जावं लागेल.

आत प्रेशर प्लेटेवर चार बोल्ट, चार स्प्रिंगा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. एकदम एकच काढलात तर प्लेट तिरकी होते. जुन्या स्प्रिंगांची लांबी व्हर्नियरने मोजा. गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेत भरली तर निमूटपणे कव्हर लावा आणि घरच्यांना सांगा की काम झालं.

कडक स्प्रिंगा दोनच घ्यायचं ठरलं तर त्या समोरासमोर बसवा. जुन्या स्प्रिंगेखाली वायसर घालून ती कडक करायचा जुगाडही चालतो; पण वायसर जाड झाला की स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकतात आणि दांडी अर्ध्यावर अडते. मग क्लच सुटतच नाही. बोल्ट कसताना पैलवानकी नको. खालचे खांब ॲल्युमिनियमचे असतात. मोडला तर स्प्रिंगांचा खर्च किरकोळ वाटायला लागतो.

शेवटी चाचणी. ती भर गणपतीत घेऊ नये.

मी घेतली. पेणहून शाडूची दीड फुटी मूर्ती आणायची होती, मागे मेहुणा, त्याच्या मांडीवर बाप्पा. कडक क्लच हळूहळू धरत नाही. दांडीच जड झाल्यावर बोटांना अंदाज येत नाही, एकदम सुटते. पहिल्यांदा क्लच सोडताच मेहुण्याचं कपाळ माझ्या पाठीवर आलं, मुकुट माझ्या मानेत. वडखळपर्यंत रांग होती. सोडा, दाबा, सोडा, दाबा. माझा पंजा बधिर झाला होता आणि अलिबागच्या फाट्यापाशी मी दोन बोटांऐवजी अख्ख्या हाताने दांडी ओढत होतो.

"भावोजी," मेहुणा मागून अगदी हळू म्हणाला, "आता क्लच सोडू नका. मी उतरतो."

तो मूर्ती घेऊन एसटीत बसला. कंडक्टरने एक सीट रिकामी करून दिली म्हणे. मी एकटा नागोठणेमार्गे रोह्याला आलो. भिसे खिंडीत गाडी मात्र झकास चढली.

जुन्या स्प्रिंगा फेकू नका, हे वर लिहायचं राहिलं. माझ्या पोह्याच्या डब्यात आहेत, कुलूप नाही.