रस्त्यात पैसे सापडल्यास : सद्गृहस्थांसाठी कार्यपद्धती

पैसे दिसले की प्रथम त्यांवर पाय ठेवावा. लक्ष्मीला पाय लावू नये हे खरे, पण वाऱ्यावर तसले संस्कार झालेले नसतात. उजवा पाय नोटेवर, नजर समोरच्या दुकानाच्या पाटीवर आणि चेहऱ्यावर रिक्षा न मिळाल्याचा वैताग, असा पवित्रा घ्यावा. मंडईत हे सोपे जाते. कोथिंबिरीच्या काड्या, कोबीचा पाला आणि चिखल यांत वाकलेल्या माणसाकडे तिथे कोणी बघत नाही. इतरत्र चपलेचा अंगठा निसटल्याचा बहाणा करावा. बूटवाल्यांनी घरून निघतानाच एक नाडी सैल ठेवावी.

नोट लगेच उचलू नये. आधी सावकाश मागे-पुढे बघावे. आपण मालकाला शोधतो आहोत असे मनाशी म्हणावे. वास्तविक मालक जवळपास नाही ना, याची ती खात्री असते. पण दोन्हींत मान सारखीच वळते, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही.

आता वस्तू नक्की काय आहे ते बघू. अर्धी दुमडलेली पाचशेची नोट उलगडल्यावर आत दहावी-बारावीच्या क्लासची जाहिरात निघते. कधी 'भारतीय मनोरंजन बँके'ची नोट निघते, तिच्यावर मनोरंजन फक्त छापणाऱ्याचे झालेले असते. तिठ्यावर लिंबू, टाचण्या आणि हळदकुंकू यांच्या संगतीत पडलेले नाणे मात्र हरवलेले नसते, सोडलेले असते. त्याचा मालक आपली पीडा व्याजासकट पुढच्याला देऊ करत असतो. तिथून वळसा घालून जावे. अंधश्रद्धा मानत नसाल तरी घालावा; वळशाला पैसे पडत नाहीत.

यानंतर विवेकबुद्धी जागी करण्याचे काम येते आणि ते सर्वस्वी रकमेवर अवलंबून असते. दहा रुपयांना ती कूससुद्धा बदलत नाही. पन्नास सापडले तर चहा आणि क्रीमरोल. शंभरला 'कुणा गरिबाचे असतील हो' असा एक उसासा आणि मग चहा आणि क्रीमरोल. खरी चर्चा पाचशेपासून सुरू होते. आणि गड्डी सापडली की माणूस इतका प्रामाणिक होतो की त्याच्या हाताला घाम सुटतो. एरवी कांद्याच्या भावात दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे गृहस्थ गड्डी हातात येताच 'आपल्याला परक्याचा पैसा नको' असे दोनदा, तेही मोठ्याने म्हणतात.

कायदा काय म्हणतो हे माहीत असलेले बरे, निदान दुसऱ्याला सांगायला. 1860 च्या भारतीय दंड संहितेत एक उदाहरण होते: हमरस्त्यावर कुणाला रुपया सापडला, तो कुणाचा हे त्याला माहीत नाही, त्याने तो उचलला, एवढ्याने गुन्हा होत नाही. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 314 मध्ये तो रुपया जसाच्या तसा पडलेला आहे. दीडशेहून अधिक वर्षे झाली, कुणी उचलला नाही. 1860 चा रुपया चांदीचा आणि वजनाने एक तोळा होता, त्यासाठी वाकण्यात अर्थ होता. आजच्या रुपयासाठी वाकायचे तर आधी कंबरेचा विचार करावा लागतो. बाकी कलम विनोदी नाही. एखाद्याच्या खिशातून पाकीट पडताना तुम्ही पाहिले, परत द्यायलाच उचलले आणि नंतर वाटेत मन बदलले, तर तो अपहार. किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, शिवाय दंड. म्हणजे मालक माहीत असणे ही तुमची मुख्य अडचण आहे. सज्जन लोक मालकाचा शोध इतक्या हलक्या पावलांनी का घेतात, ते यावरून लक्षात यावे. अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेताच सराफाकडे नेली, तर तीही सोय कायद्याने बंद केलेली आहे.

रक्कम जमिनीत पुरलेली निघाली तर प्रकरण वेगळे. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. ही दहा रुपयांची मर्यादा त्या साली ठरली. तेव्हा समजा, शेजाऱ्याच्या परसात आळे करताना कुणीतरी पुरलेली अकरा रुपयांची दक्षिणा तुमच्या कुदळीला लागली. तुम्ही कळवायचे, मग जाहीर सूचना निघणार, दावेदारांना काही महिन्यांची मुदत मिळणार. कुणी आले नाही तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे, उरलेले जागेच्या मालकाचे. (गौतम धर्मसूत्रात सापडलेली बेवारस वस्तू राजाने वर्षभर सांभाळून सापडवणाऱ्याला फक्त चौथा हिस्सा द्यावा असे आहे. इंग्रज या बाबतीत उदार निघाले; एवढीच एक बाब.) तुमचे झाले सव्वाआठ रुपये, शेजाऱ्याचे पावणेतीन. पण चार आण्याचे नाणे 30 जून 2011 पासून चलनात नाही. तेव्हा जिल्हा मुख्यालयात जाऊन तुम्ही आणि शेजारी त्या चार आण्यांवरून भांडू शकता, आणि शेजारी भांडणार.

अकरा हा आकडा आपल्याकडे शुभ मानतात, पण सापडलेल्या पैशाशी त्याचे फारसे जमत नाही. आजीच्या नऊवारीच्या घडीत, नाहीतर तांदळाच्या डब्याच्या तळाशी, नोव्हेंबर 2016 च्या आधीच्या पाचशे-हजारच्या नोटा अजून निघतात. 2017 च्या कायद्याप्रमाणे अशा दहापर्यंत नोटा आठवण म्हणून ठेवायला हरकत नाही. अकरावी ठेवली की दंडाला पात्र. नाणी-नोटांच्या संग्राहकांना पंचवीसची मुभा आहे, म्हणून काही घरांत ही आवड अचानक उत्पन्न होते.

घरातल्या धुण्यात सापडलेल्या नोटेबद्दल मात्र कुठलाही कायदा लागत नाही. ज्याच्या विजारीत त्याची नोट, हे पुरुषांचे मत. जिने खिसे तपासले तिची नोट, हा निकाल.

काही भाविक सापडलेली रक्कम देवळाच्या दानपेटीत टाकून मोकळे होतात. याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. नोट एकाची गेली, पुण्य दुसऱ्याच्या खाती जमा, आणि देवाला नकळत साक्षीदार करून ठेवले. अर्धी रक्कम पेटीत आणि अर्धी खिशात ठेवणारे तर देवाला भागीदारच करून घेतात, तेही त्याला न विचारता.

हल्ली पैसे रस्त्यात कमी आणि फोनवर जास्त सापडतात. दोन हजार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि पाचव्या मिनिटाला फोन: 'दादा, चुकून तुम्हाला गेले, आई दवाखान्यात आहे, या नंबरवर परत टाका.' मेसेज कुणीही लिहू शकतो, म्हणून आधी खात्यातली शिल्लक पाहावी. रक्कम खरोखर आली असली तरी सांगितलेल्या भलत्याच नंबरवर पाठवू नये. आपल्या बँकेला कळवावे आणि दादा म्हणणाऱ्याला त्याच्या बँकेकडे तक्रार करायला सांगावे. संशय आला तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. हा परिच्छेद तेवढा गंभीरपणे वाचावा.

नोट पोलीस चौकीत नेण्याचे ठरवलेत तर घरी सांगून निघा, वेळ लागतो. हवालदार आधी नोट उजेडात धरतात, मग तुम्हाला. नोट खरी वाटते. 'कुठे सापडली? फुटपाथवर? कुठल्या बाजूच्या?' रस्त्याची अलीकडची बाजू एका ठाण्याची आणि पलीकडची दुसऱ्याची असू शकते, हे नोट उचलताना आपल्याला सुचलेले नसते. चिडू नये. नोंदीत नोटेचा क्रमांक घालायला सांगावे आणि पोच घ्यावी. मग बेवारस मालाचा जाहीरनामा निघतो, आणि सहा महिन्यांत कुणी हक्क सांगितला नाही तर तो माल सरकारकडे जातो. पोच जपून ठेवावी; पुढे पाहुण्यांना दाखवता येते.

सोसायटीच्या आवारात सापडले असतील तर ग्रुपवर टाकणे आलेच. इथे बहुतेकजण चुकतात. 'जिन्यात पाचशे सापडले' असे लिहिले की सहा मजल्यांवरून सात मालक उतरतात आणि प्रत्येकाने सकाळीच एटीएममधून काढलेले असतात. रक्कम लिहू नये, जागा लिहू नये. 'काही सापडले आहे, ओळख पटवून न्यावे' एवढेच लिहावे. उत्तरे येतील. एकांची छत्री गेलेली असते. एकींना मार्चमध्ये शेजारी दिलेला स्टीलचा डबा आठवतो आणि तो कुणाकडे आहे हेही त्या नाव घेऊन लिहितात. सेक्रेटरी पार्किंगच्या थकबाकीची आठवण करून देतात. एक आजोबा फुलांचे चित्र असलेला सुप्रभात पाठवतात. या सगळ्यातून खरा मालक सावकाश वर येतो, आणि बहुधा त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू असतात, ज्या ग्रुपवर नाहीतच.

काकूंना प्रश्न विचारावेत, पण प्रश्नात उत्तर घालू नये. 'पाचशेचीच होती ना?' ही चौकशी नव्हे, ते आमंत्रण झाले. काकू सांगतील: दोनदा घडी घातलेली, कोपऱ्याला हळद, आत गिरणीची चिठ्ठी. पटले की द्यावी. शोधाशोधीच्या कष्टांबद्दल मालकावर दावा लावता येत नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे फार तर भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. काकूंपुढे हे कलम काढू नये. त्या चिठ्ठी उलगडतील, पुन्हा घडी घालतील, मग नोट निरखतील आणि म्हणतील, 'यासोबत एक पन्नासची पण होती हो.' ती आपल्याला सापडलेली नाही हे सिद्ध करण्याची पद्धत कुठल्याच कायद्यात नाही. चहाला थांबवले तर थांबावे, आणि दोन्ही खिसे त्यांना दिसतील असे बसावे.